चाहत्यांच्या शृंगारकथा-सत्रांचा पूर्वेतिहास

इंग्रजींत ज्यास फॅन फिक्शन म्हणतात त्या कथाप्रकाराचीं लेखनसत्रें अलीकडे वर्षभर कोठें ना कोठें चाललेलीं असतात. एखाद्या चित्रमालिकेचे, कादंबरीचे किंवा चित्रपटाचे चाहते एकत्र जमतात. चालक एक विषय ठरवून देतात, मुदत जाहीर करतात. आणि त्या मुदतींत मूळ कृतींतील पात्रें घेऊन जो तो आपापली कथा लिहितो. यांपैकीं कांहीं सत्रें केवळ प्रौढांकरितां असतात. त्यांचा विषय शृंगार हा असतो, आणि तोही आडपडदा न ठेवतां वर्णिलेला. हें वाचतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. तथापि जी गोष्ट हजारों सुशिक्षित माणसें, आणि त्यांतही बहुसंख्येनें स्त्रिया, अर्ध्या शतकाहून अधिक काळ कांहींएक द्रव्यलोभ न धरतां करीत आल्या आहेत, तिची उपेक्षा करणें हें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारें नाहीं. शृंगाराचें समर्थन किंवा निषेध हा या लेखाचा हेतु नव्हे. ही प्रथा कशी घडली एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

अशा सत्राचें जाहीरपत्रक पाहिलें तर त्यांत बहुधा पांच कलमें आढळतात. लिहिणारा व वाचणारा अठरा वर्षांवरील असावा. टोपणनांवानें लिहावें, व कांहीं सत्रांत तेंही ठराविक दिवसापर्यंत गुप्त ठेवावें. कथेच्या शिरोभागीं तिचा दर्जा व आंतील आशयाविषयीं इशारे स्पष्ट लिहावे. दिलेल्या विषयावर दिलेल्या मुदतींत लिहावें. आणि या लेखनाचे पैसे घेऊं नयेत. आमच्याकडील इतिहाससंशोधकांनीं आम्हांस एक गोष्ट शिकविली आहे. जुनी सनद हातीं आली म्हणजे तिच्यांतील प्रत्येक कलमामागें कोणता तंटा दडला आहे हें आधीं शोधावें. कारण निष्कारण कलम कोणी लिहीत नाहीं, जेथें कधीं भांडण झालें तेथेंच कलम येतें. तीच दृष्टि आम्ही या जाहीरपत्रकास लावून पाहणार आहों.

द्रव्याविषयींचें कलम सर्वांत जुनें, म्हणून आरंभ त्यापासून करूं. ८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेंतील एन.बी.सी. या वाहिनीवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका सुरू झाली. तीन हंगामांत तिचे ७९ भाग झाले व १९६९ सालीं ती बंद पडली. पण ती चालू असतांनाच, १९६७ सालीं, तिच्या चाहत्यांनीं 'स्पॉकेनेलिया' नांवाचें एक हौशी नियतकालिक काढलें. केवळ या मालिकेस वाहिलेलें असें हें पहिलें नियतकालिक होय. त्याच्या संपादिका दोन तरुण स्त्रिया होत्या. विज्ञानकथांच्या रसिकांत अशीं हस्तोद्योगी मासिकें काढण्याची रीति त्यापूर्वींच्या तीस-पस्तीस वर्षांची होती. परंतु त्या वर्तुळांत पुरुषांचाच भरणा असे, आणि चर्चा बहुधा यंत्रांची व सिद्धांतांची चाले. 'स्टार ट्रेक'च्या निमित्तानें आलेल्या स्त्रियांनीं यंत्रें बाजूस ठेवून माणसांकडे पाहिलें. कप्तान कर्क व त्याचा अर्धमानवी अधिकारी स्पॉक यांचें एकमेकांशीं नातें काय, संयमाच्या आवरणाखालीं स्पॉकच्या मनांत काय चालतें, असे प्रश्न त्यांनीं विचारले व त्यांचीं उत्तरें कथारूपानें लिहिलीं.

हीं मासिकें सायक्लोस्टाइलच्या जातीच्या यंत्रावर निघत, घरच्या मेजावर टाचलीं जात व टपालानें रवाना होत. किंमत कागद, शाई व टपालहंशील भागेल एवढीच असे. पात्रें दुसऱ्याच्या मालकीचीं असल्यामुळें नफा घेतला तर मालक हरकत घेईल, हें भय त्यामागें होतेंच. परंतु भयापोटीं जो नियम आला तो पुढें अभिमानाचा विषय झाला. आम्ही विकत नाहीं, आम्ही देतों, ही भावना या मंडळींत इतकी मुरली कीं, आजही कथेस ‘भेट’ म्हणण्याचा प्रघात कित्येक सत्रांत आढळतो. १९९४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें विडंबनगीताच्या एका खटल्यांत असें ठरविलें कीं, मूळ कृतीस नवा अर्थ देणारा, तिचें रूपांतर करणारा उपयोग न्याय्य ठरूं शकतो. हा निकाल चाहत्यांच्या कथांविषयीं नव्हता; तरी पुढें त्यांच्या कैवाऱ्यांनीं ‘रूपांतर’ हाच शब्द आपल्या संस्थेच्या नांवांत घेतला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां टोपणनांवाचें कलम घेऊं. १९७२ सालीं 'ग्रुप' नांवाचें एक मासिक निघालें. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचें हें पहिलें प्रौढ नियतकालिक समजलें जातें. त्याच्या तिसऱ्या अंकांत, १९७४ च्या सप्टेंबरांत, ऑस्ट्रेलियांतील एका स्त्रीची एक लहानशी शृंगारकथा प्रसिद्ध झाली. कर्क व स्पॉक यांच्या प्रणयाची ही पहिली छापील कथा म्हणून चाहत्यांच्या इतिहासांत नोंदली गेली आहे. परंतु आश्चर्याची गोष्ट अशी कीं, कथेंत त्या दोघांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. वाचणाऱ्यानें ओळखावयाचें. ज्या चळवळींत पुढें लेखिकांनीं आपलीं नांवें झांकलीं तिच्या आरंभींच्या कथेनें पात्रांचीं नांवें झांकलीं होतीं! संकोच किती होता, आणि त्या संकोचावर मात करण्याची निकड किती होती, हें यावरून उघड होतें.

त्यानंतर दोन वर्षांनीं या जोडीवरील लांब कथेचें स्वतंत्र पुस्तक निघालें, आणि १९७८ सालीं केवळ अशाच कथांचा संग्रह आला. दोन नांवांमध्यें तिरकी रेघ घालून विषय सूचित करीत, म्हणून या सर्व प्रकारास ‘स्लॅश’ हें नांव पडलें. या कथा लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांना नोकऱ्या होत्या, संसार होते, शेजारी होते. आणि दोन पुरुषांच्या प्रणयाची कथा स्त्रीनें लिहिली हें उघड झालें असतें तर यांपैकीं कशासही धक्का पोंचला असता. तेव्हां टोपणनांव ही हौस नव्हती, कवच होतें.

स्त्रियांनीं पुरुषांच्या प्रणयाच्या कथा कां लिहाव्या, हा प्रश्न वाचकांच्या मनांत आलाच असेल. जोआना रस या नामांकित विज्ञानकादंबरीकर्त्रीनें १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत याचा ऊहापोह केला आहे. तिच्या प्रतिपादनाचा रोख असा कीं, प्रचलित प्रेमकथेंत स्त्रीपात्राच्या वांट्यास जें दुय्यमत्व येतें तें टाळून, समान योग्यतेच्या दोन जीवांची प्रीति रंगविण्याची ही एक युक्ति आहे. मराठी वाचकास याची उलट बाजू चांगली परिचित आहे. आमच्या शृंगारिक लावण्यांत विरहिणीचें किंवा कामिनीचें मनोगत स्त्रीच्या मुखानें येतें. पण रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ हे शाहीर सगळे पुरुष. पुरुषानें आपली वासना स्त्रीच्या तोंडीं घातली, त्यास आम्ही काव्य म्हटलें. स्त्रीनें आपली वासना पुरुषाच्या तोंडीं घातली, तेव्हां ती चमत्कारिक गोष्ट वाटूं लागली. आम्हांस तर दोन्ही ठिकाणीं एकच व्यापार दिसतो. दुसऱ्याचा मुखवटा घातल्यावांचून मनुष्यास या विषयावर खरें बोलवत नाहीं.

वयाच्या कलमाचा इतिहास याहून कटु आहे. प्रौढ मासिक मागविणाऱ्यानें आपण सज्ञान असल्याचें सहीनिशी लिहून पाठवावें, अशी पद्धति फॅनझीनच्या काळांतच पडली होती. तिला बळ आलें तें १९८१ सालच्या एका प्रसंगानें. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाच्या पात्रांवर लिहिलेल्या शृंगारकथा कंपनीच्या दृष्टीस पडल्या, तेव्हां लुकासफिल्मच्या अधिकृत चाहतामंडळाकडून मासिकांच्या प्रकाशकांस पत्रें गेलीं. आमचे चित्रपट कुटुंबानें एकत्र बसून पाहण्याजोगे आहेत, त्यांच्या निर्मळ नांवास बट्टा लावणारें लेखन आम्ही खपवून घेणार नाहीं, असा त्यांचा आशय होता व कायदेशीर इलाजाची सूचनाही त्यांत होती. उलटपक्षीं, ‘स्टार ट्रेक’चा जनक जीन रॉडनबेरी यानें १९७९ च्या चित्रपटाच्या कादंबरीरूपांत कर्क व स्पॉक यांच्याविषयींच्या या कुजबुजीची एका तळटीपेंत हंसत दखल घेतली होती. एक मालक तळटीप लिहितो, दुसरा नोटीस धाडतो. आणि लिहिणाऱ्यास मात्र दोघांच्या मर्जीवर अवलंबून राहावें लागतें. या प्रसंगानंतर ‘स्टार वॉर्स’च्या शृंगारकथा पुष्कळ काळ दबूनच राहिल्या. इंग्लंडांत ‘द प्रोफेशनल्स’ या पोलिसी मालिकेवरील अशा कथांचें तर मासिकही न काढतां, टंकलिखित प्रती छायांकित करून टपालानें हातोहात फिरविण्याची सोय चाहत्यांनीं केली होती.

याच सुमारास जपानांतही असेंच कांहीं घडत होतें. २१ डिसेंबर १९७५ रोजीं टोकियोंत हौशी प्रकाशनांचा ‘कॉमिक मार्केट’ नांवाचा बाजार प्रथम भरला. तेव्हां ३२ मंडळें व सुमारें ७०० माणसें जमलीं होतीं, व येणाऱ्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. पुढें तो जगांतील अशा प्रकारचा सर्वांत मोठा मेळावा झाला. अमेरिकेंतील व जपानांतील या दोन प्रवाहांचा आरंभीं एकमेकांशीं संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे स्त्रियाच पुढें, व दोन्हीकडे पुरुषांच्या परस्पर प्रणयाचा विषय, हें साम्य विचार करावयास लावणारें आहे.

इशाऱ्यांचें कलम आंतरजालाच्या काळांतलें आहे. १९९८ सालीं ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हें प्रचंड संकेतस्थळ सुरू झालें, आणि टपालाचा व छपाईचा खर्च एकदम नाहींसा झाला. जें लिहावयास पूर्वीं यंत्र, कागद व ओळखीची संपादिका लागे, तें आतां कोणीही लिहूं लागला. पण चार वर्षांनीं, २००२ च्या सप्टेंबरांत, त्याच्या चालकांनीं सर्वांत प्रौढ दर्जाच्या कथांस बंदी केली. अशा कथा लिहिणाऱ्यांनीं मुक्काम हलविला, आणि त्यांतील पुष्कळांनीं ‘लाइव्हजर्नल’ या दैनंदिनींच्या स्थळीं बस्तान बसविलें. तेथें २००७ च्या मे महिन्याअखेर तसाच घाला आला. बालकांच्या रक्षणाचें नांव घेणाऱ्या एका गटाच्या तक्रारीवरून कंपनीनें सुमारें ५०० खातीं एकाएकीं बंद केलीं. बंद खात्याच्या नांवावर आडवी रेघ मारलेली दिसे, म्हणून या प्रसंगास चाहते ‘स्ट्राइकथ्रू’ म्हणतात. त्या ५०० त चाहत्यांचीं मंडळें होतीं तशींच अत्याचारांतून वांचलेल्यांस आधार देणारीं मंडळें होतीं, आणि नाबोकोव्हच्या ‘लोलिता’ कादंबरीची चर्चा करणारें एक स्पॅनिश मंडळही होतें. कंपनीनें पुढें क्षमा मागितली व बरींच खातीं परत उघडलीं. पण विश्वास गेला तो गेलाच.

येथें एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. चाहत्यांनीं आपलें स्वतःचें घर बांधावें हा विचार या घाल्यामुळें प्रथम सुचला, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें; परंतु तो विचार त्याच मे महिन्यांत, घाल्याच्या कांहीं दिवस आधींच, पुढें आला होता. त्याचें निमित्त वेगळें होतें. एका व्यापारी कंपनीनें चाहत्यांच्या फुकट कथांवर धंदा मांडण्याचा घाट घातला होता. म्हणजे एकीकडून नीतीच्या नांवानें हकालपट्टी व दुसरीकडून नफ्याच्या नांवानें लूट, अशा दोन्ही बाजूंनीं कोंडी झाली, आणि त्याच वर्षीं ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही संस्था निघाली. प्रसिद्ध कादंबरीकर्त्री नेओमी नोविक ही तिच्या संस्थापकांपैकीं एक होय. २००९ च्या नोव्हेंबरांत या संस्थेचें ग्रंथभांडार सर्वांस खुलें झालें. व्हर्जिनिया वूल्फनें १९२९ सालच्या आपल्या निबंधांत लेखिकेस स्वतःची खोली हवी असें म्हटलें होतें. तिचेंच स्मरण ठेवून या भांडाराचें ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ असें नांव ठेविलें आहे.

या भांडारानें जो तोडगा काढला तो आमच्या मतें या सर्व इतिहासाचें सार आहे. कथा नैतिक कीं अनैतिक याचा निवाडा करण्याऐवजीं त्यांनीं लेखकावर एक कर्तव्य टाकलें: आंत काय आहे तें दारावर लिहा. कथेचा दर्जा सांगा. हिंसेचें भडक वर्णन, प्रमुख पात्राचा मृत्यु, बलात्कार, अल्पवयीनांचा संबंध यांपैकीं कांहीं असेल तर इशारा द्या, किंवा इशारा देण्याचें आपण नाकारीत आहों असें तरी स्पष्ट लिहा. मग वाचणाऱ्यानें आपल्या जबाबदारीवर दार उघडावें. या व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली आहे, आणि ती सर्वच पोकळ नाहीं. कल्पित कां होईना, कांहीं विषय मुळींच नसावे, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष चाहत्यांतही बळकट आहे. म्हणून कित्येक सत्रांचे चालक भांडाराहून कडक नियम करतात व पात्रेंही सज्ञानच असावीं असें बजावतात. आम्हांस हें योग्य वाटतें. सर्वांचें भांडार उदार असावें, आणि निमंत्रितांची पंगत वाढणाऱ्यानें आपले नियम आपण करावे, यांत विरोध नाहीं.

राहिलें विषय व मुदत यांचें कलम. यांत तंटा कोठें आहे, असें वाचक विचारील. हा तंटा बाहेरच्या सत्तेशीं नाहीं, स्वतःच्या मनाशीं आहे. ज्यास हें लिहावयाचें आहे त्यास तें लिहिण्याची लाज वाटते. विषय दुसऱ्यानें दिला म्हणजे ती लाज अर्धी होते. ‘मला हें सुचलें’ याऐवजीं ‘मला हें सांगितलें’ असें म्हणतां येतें. यासाठीं नाना युक्त्या आहेत. कोठें निनांवी वाचक आपली इच्छा लिहून ठेवतो व निनांवी लेखक ती पुरवितो. कोठें पंचवीस घरांचा तक्ता वांटतात, घरोघर एकेक विषय लिहिलेला असतो, आणि एक ओळ भरली कीं डाव पुरा झाला. ऑक्टोबर महिन्यांत तर रोज एक याप्रमाणें ३१ विषयांचें सत्र चालतें. शाईच्या चित्रांचा जो ऑक्टोबर-उपक्रम २००९ पासून रूढ झाला त्याच्या नांवावर कोटी करून त्यास नांव दिलें आहे. २००३ पासून दर नाताळास भरणाऱ्या ‘यूलटाइड’ नांवाच्या देवघेवींत निदान १००० शब्दांची कथा द्यावी लागते. कथा नाताळच्या दिवशीं उघडतात व लेखकांचीं नांवें १ जानेवारीस. हें सत्र केवळ शृंगाराचें नव्हे. परंतु प्रौढ सत्रांनीं उचललेली चौकट पुष्कळ अंशीं अशाच देवघेवींची आहे.

आमच्या जुन्या समस्यापूर्तीची येथें आठवण होते. चौथा चरण सभेनें द्यावा, तीन चरण कवीनें रचावे. चरण कितीही अवघड किंवा अवखळ असला तरी त्याचा दोष रचणाऱ्यास लागत नसे. साम्य आहे, पण तें ताणूं नये. समस्यापूर्तींत कवि सभेपुढें उभा असे व बिदागी घेऊन घरीं जाई. येथें नांव नाहीं, सभा दिसत नाहीं, आणि बिदागी म्हणजे दोन ओळींचें पत्र. हालाच्या ‘गाथासप्तशती’चाही दाखला कोणी देईल. महाराष्ट्री प्राकृतांतील त्या संग्रहांत अनेक हातांच्या शृंगारिक गाथा एकत्र आहेत, व कांहीं गाथा स्त्रियांच्या नांवावर सांगितल्या जातात, हें खरें. परंतु ती निवड राजाच्या नांवानें झाली. हीं सत्रें कोणाच्याही आश्रयावांचून चालतात, हाच त्यांचा विशेष.

आक्षेप दोन उरतात. पहिला असा कीं, यांतील बहुतेक लेखन सामान्य असतें. असतेंच. कोणत्याही काळीं बहुतेक लेखन सामान्यच असतें. आमच्या मासिकांचे जुने अंक चाळणाऱ्यास हें सांगावयास नको. तरी २०१९ सालीं डब्लिन येथें भरलेल्या विज्ञानकथा-संमेलनांत या भांडारास ह्यूगो पारितोषिक मिळालें, तेव्हां एका कथेचा नव्हे तर ज्या घरांत या कथा नांदतात त्या घराचा सन्मान झाला, हें लक्षणीय आहे. दुसरा आक्षेप नीतीचा. त्याविषयीं मराठी वाचकास तरी नवें कांहीं सांगण्याची गरज नसावी. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांचें लेखन शास्त्रीय व येथील लेखन कल्पित, हा भेद मोठा आहे. परंतु प्रौढ माणसानें काय वाचावें हें दुसऱ्यानें कां ठरवावें, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

१७ डिसेंबर २०१८ पासून ‘टम्बलर’ या स्थळानें प्रौढ चित्रांवर बंदी घातली. लिखित कथांस ती बंदी नव्हती; तरी १९८१, २००२ व २००७ आठवून कित्येक चाहत्यांनीं तेव्हांच आपलें बिऱ्हाड हलविलें. वारंवार घर उठलेल्या माणसास चाहूल लौकर लागते. म्हणून अशा सत्राच्या जाहीरपत्रकांतील रूक्ष पांच कलमें वाचतांना आम्हांस त्यांत केवळ नियम दिसत नाहींत. ज्यांस प्रत्येक आश्रयदात्यानें कधीं ना कधीं दार दाखविलें त्यांनीं, आपल्या घरांत कोणास येऊं द्यावें, काय सांगून आंत घ्यावें, आणि परस्परांची अब्रू कशी राखावी, याचा जो विचार केला तो तेथें लिहिलेला आहे. कथा आवडो वा न आवडो, तो विचार शिष्ट साहित्यसंस्थांनींही एकदां वाचून पाहावा, असें आम्हांस वाटतें.